क्लबसाठी खेळणं म्हणजे आता दुसरी नोकरी झालीये का? नाशिकचे कबड्डीवाले जरा बोला

सातपूरचा_रेडर:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

वय २९, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, लग्नाला दोन वर्षं झाली. शाळेपासून कबड्डी खेळतो, आमचं मंडळ सिडकोकडचं, नाव घेत नाही कारण निम्मी पोरं इथे वाचतात. पूर्वी कसं, आठवड्यात तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ, पाऊस आला की सुट्टी, स्पर्धा जवळ आली की दहा दिवस जोर लावायचा आणि हरलो तर भेळभत्ता खाऊन घरी. मागच्या सीझनपासून नवीन कोच आलेत, माणूस चांगला आहे हे आधीच सांगतो, पण आता आठवड्यात पाच दिवस प्रॅक्टिस, त्यातले दोन दिवस पहाटे पावणेसहाला मैदानावर, आणि व्हॉट्सअॅपवर वेगळा ग्रुप, त्यात सकाळी उठल्या उठल्या वजनकाट्याचा फोटो, रात्री ताटाचा फोटो आणि झोप किती झाली तो आकडा. पुरुषांना ८५ किलोची मर्यादा आणि मी कायम ८४ च्या आसपास, त्यामुळे माझ्यावर विशेष प्रेम. (घरचा काटा फरशीच्या सांध्यावर ठेवला की ३०० ग्रॅम कमी दाखवतो, हे सगळ्या टीमला माहितीये, फक्त कोचना नव्हतं. आता कळेल.)

गेल्या महिन्यात दिंडोरीला मेव्हणीचा साखरपुडा होता. प्रामाणिकपणे ताटाचा फोटो टाकला, पुरणपोळी, वर तूप, बाजूला भजी, सगळं दिसतंय. ग्रुपवर सगळ्यांसमोर उत्तर काय आलं तर "?". नुसतं एक प्रश्नचिन्ह. बायकोने बघितलं आणि म्हणाली, तुझा कंपनीतला साहेबसुद्धा एवढं विचारत नाही, आणि तो पगार तरी देतो.

पगाराचं म्हणाल तर शून्य. किट स्वतःचं, पेट्रोल स्वतःचं. त्याची तक्रार नाही, हौशी खेळ आहे, माहीत असूनच आलोय. पण परवा मावसभावाशी बोलणं झालं, तो आयर्लंडला लिमरिकमध्ये नर्स आहे, तिकडे ते गेलिक फुटबॉल म्हणून काहीतरी असतं, त्याला पोराच्या शाळेतल्या बापलोकांनी ओढून नेलं आणि आता तो त्यांच्या सगळ्यात खालच्या टीममध्ये खेळतो. तो म्हणे इकडे पण हेच चाललंय, एक रुपया नाही आणि मागण्या प्रोफेशनलच्या. मला वाटलं आपल्याकडेच नवीन खूळ आहे.

तर विचारायचं असं की तुम्ही लोक नोकरी, घर आणि हे कसं जमवता? आणि तिकडच्यांनी यावर काही उपाय काढला असेल तर कुणाला माहितीये का?

---

माजी_कव्हर_मेरी:

भाऊ, मी ५३ चा. आम्ही मातीवर खेळलो, गुडघे अजून सांगतात. आमच्या वेळेला वजन म्हणजे स्पर्धेच्या दिवशी किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं राहायचं.

पण "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच म्हणून गप्प बसत नाही, कारण एक गोष्ट तुम्हा पोरांना कुणी सांगत नाही. आम्ही घाम गाळायचो तेव्हा समोर नोकरी दिसायची. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्रा, सगळ्यांच्या कबड्डीच्या टीम असायच्या, चांगला खेळलास तर कुणीतरी उचलायचं. माझ्याबरोबरचे दोघं असेच लागले आणि आता पेन्शनीत आहेत. म्हणजे हौशी नावाला, मागे पोटाचा हिशोब होताच. आता सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते राज्य-राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांना, तुझ्या-माझ्यासारख्या मंडळाच्या साध्या खेळाडूला नाही.

आणि २०१४ ला प्रो कबड्डी आली तेव्हापासून सगळं बदललं. चांगलंच झालं, खेळ टीव्हीवर आला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर गेले, ते बघून प्रत्येक मंडळाला वाटायला लागलं आपल्याकडे पण तसंच वॉर्म-अप, तसाच डाएट पाहिजे. तसं सगळं आलं, कोटी तेवढे राहिले.

---

रविवारचा_गोलंदाज:

मग नको खेळू. सिंपल. कुणी बंदूक लावलीये का?

---

निफाडची_लेफ्ट_कॉर्नर:

@रविवारचा_गोलंदाज, तुमचं टेनिस बॉल क्रिकेट आहे, सहा जण आले तरी मॅच होते. कबड्डीत सातातला एक गेला की उरलेल्या सहांचं वर्ष बुडतं. म्हणून "नको खेळू" म्हणता येत नाही, बंदूक तीच आहे.

---

गॉलवेहून_गंगापूर_रोड:

रेडर दादा, तुमचा धागा बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं गॉलवेला होतो, मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत, मागच्या वर्षी परत आलो. घराच्या मागेच जीएएचं मैदान होतं त्यामुळे मी बघून बघून अर्धा आयरिश झालो, कधी गेटवर पार्किंगला उभा राहिलो, कधी चहाच्या किटल्या भरल्या. खेळलो फक्त एकदा, त्याबद्दल बोलायचं नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जीएए म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, १८८४ ला थर्ल्स नावाच्या गावात एका हॉटेलात बसून स्थापन झाली. मुख्य खेळ दोन, गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. फुटबॉलमध्ये १५-१५ जण, बॉल हातात घ्यायचा पण चार पावलांच्या पुढे तसाच घेऊन पळायचं नाही, आपटायचा किंवा पायाने उडवून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखी, दांड्यावरून मारला तर १ पॉइंट, खाली जाळीत गेला तर ३, आणि २०२५ पासून ४० मीटरच्या बाहेरून दांड्यावरून मारलात तर २. हर्लिंग म्हणजे अॅशच्या लाकडाची चपटी काठी आणि छोटा कडक चेंडू, तो इतक्या जोरात येतो की बघणाराच डोकं खाली घालतो.

आता तुमच्या मुद्द्याचं. तिथे सगळे हौशी आहेत, अगदी सगळे. काउंटीच्या (म्हणजे त्यांच्या जिल्ह्याच्या) टीमकडून डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला ८२ हजार लोकांसमोर फायनल खेळणारा माणूस पुढच्या आठवड्यात शाळेत गणित शिकवत असतो. सरकारकडून थोडं अनुदान, प्रवासखर्च वगैरे मिळतं, पण पगार नाही. ईएसआरआय म्हणून त्यांची संशोधन संस्था आहे, तिचा २०१८ ला रिपोर्ट आला होता, त्यात काउंटीचे खेळाडू आठवड्याला ३१ तासांपर्यंत खेळाला देतात असं निघालं. नोकरी धरून नाही, नोकरी वेगळी. पण तो आकडा काउंटीवाल्यांचा, म्हणजे आपल्याकडचे राज्य संघातले समजा. आणि माजी_कव्हर काका म्हणतात तेच तिथे झालंय, वरच्या टीमने जे केलं ते दोन वर्षांत खाली झिरपतं. काउंटीने पळणं मोजणारं जीपीएसचं बनियन घातलं की क्लबने घातलं, मग क्लबच्या दुसऱ्या टीमने. मी ज्या क्लबच्या मागे राहायचो त्यांच्या खालच्या टीमचा गोलकीपर सिगारेट संपवूनच आत जायचा, आणि त्याच टीमच्या ग्रुपवर झोपेचे आकडे मागायचे. मी स्वतः बघितलंय, त्याने रात्री दोनला टाकलेला "८ तास".

नोव्हेंबरमधलं एक दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. संध्याकाळी साडेसात, बारीक पाऊस, फ्लडलाइटच्या उजेडात तो पाऊस आडवा दिसतो. पोरं कामावरून थेट आलेली, एक जण गवंडीकामाचे बूट काढतोय, त्याच्या बोटांच्या पेरात सिमेंट तसंच, दुसरा गाडीच्या डिकीवर बसून केळं खातोय, त्याला डब्लिनहून यायला अडीच तास लागलेत. गॉलवे-डब्लिन म्हणजे अंतर आपलं नाशिक-पुणे एवढंच धरा, रस्ता तेवढा चांगला. तिथे खेळायचं ते आपल्या गावाच्या क्लबकडून, नोकरी डब्लिनला लागली म्हणून डब्लिनचा क्लब धरला तर गावात लोक तोंड फिरवतात. म्हणून हा पोरगा मंगळवारी येतो, रात्री परत जातो, शुक्रवारी पुन्हा येतो. त्याला कुणी काही देत नाही, उलट वार्षिक वर्गणी तोच भरतो.

पैशाचा तिढा गमतीदार आहे. खेळाडूला मनाई, पण बाहेरून आणलेल्या मॅनेजरच्या हातात काहीतरी पाकीट जातं अशी कुजबुज कायम. हे गुपित नाही, २०१२ ला संघटनेच्या महासंचालकांनीच, पॅरिक डफी, यावर चर्चापत्र काढलं होतं. अजून घोळ मिटलेला नाही. आणि जो पैसे घेतो तो निकाल द्यायला बांधील, मग तो पोरांना पाच दिवस बोलावणारच की.

आता उपाय विचारलात म्हणून, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी तिथल्या पोरांशी बोललो तेव्हा तासांबद्दल रडणारे कमी होते. रडायचे ते तारखांवरून. क्लबची मॅच कधी आहे ते कुणालाच माहीत नसायचं. कारण काउंटीचा सीझन आधी सप्टेंबरपर्यंत चालायचा, क्लबचे एक-दोन चांगले खेळाडू काउंटीत अडकलेले, ते मोकळे होईपर्यंत क्लबची चॅम्पियनशिप थांबलेली. एप्रिलमध्ये एक मॅच व्हायची आणि पुढची थेट ऑगस्टमध्ये, मधले चार महिने पोरं नुसती प्रॅक्टिस करत बसायची, ना फिरायला जाता येतं ना लग्नाची तारीख ठरवता येते. २०१८ ला एप्रिल महिना फक्त क्लबसाठी राखून बघितला, त्याने फारसं भागलं नाही. काउंटीच्या खेळाडूंची संघटना १९९९ पासून होती, पण क्लबच्या खेळाडूंचं कुणी नव्हतं, म्हणून २०१७ ला त्यांनी क्लब प्लेयर्स असोसिएशन काढली, मागणी एकच, वेळापत्रक नीट करा. मानधन नको, भत्ता नको, फक्त वेळापत्रक!

आणि ते झालं. सीझनचे दोन भाग केले, २०२२ पासून काउंटीची फायनल जुलैमध्ये संपते आणि मग उरलेलं वर्ष क्लबचं. ती असोसिएशन २०२१ ला निर्णय झाल्यावर स्वतःहून बरखास्त झाली. काम झालं, घरी गेले. आपल्याकडे अशी एक तरी संघटना दाखवा. :)

सगळं गोड झालं असं नाही. काउंटी आणि क्लब दोन्हीकडे खेळणारा आता जुलैमध्ये एकातून सुटतो आणि लगेच दुसऱ्यात शिरतो, त्याला विश्रांतीच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या मॅच नाहीत म्हणून टीव्हीवरची जागा दुसरे खेळ खातात अशीही ओरड आहे. पण साध्या क्लबच्या पोराला निदान जानेवारीत कळतं की जूनमध्ये बहिणीच्या लग्नाला जाता येईल.

---

निफाडची_लेफ्ट_कॉर्नर:

गॉलवेवाले दादा, मुलींचं काहीच लिहिलं नाहीत. मी कुतूहल म्हणून बघत गेले तर मुलींच्या फुटबॉलची संघटना वेगळी आणि कॅमोगीची (म्हणजे मुलींचं हर्लिंग) वेगळी, कॅमोगीची तर १९०४ पासूनची. दोन्ही खेळणाऱ्या मुलींच्या मॅच एकाच दिवशी लागतात कारण दोघी एकमेकींना विचारत नाहीत. आता २०२७ पर्यंत या दोन आणि जीएए अशा तिघांना एकत्र आणायचं चाललंय, त्यासाठी त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस बसल्यात. आणि २०२५ पर्यंत कॅमोगीच्या मुलींना साधी शॉर्ट्स घालून खेळायची परवानगी नव्हती, स्कॉर्ट (वरून स्कर्ट, आत शॉर्ट्स) घालायला लावायचे. मुली शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या, पंचांनी परत पाठवलं, मग मतदान होऊन नियम बदलला. मला वाचून आपल्या तालुक्याची आठवण झाली, जास्त बोलत नाही.

माझं सांगते. घरी द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने बागेत माणूस कमी पडतं, आणि नेमके स्पर्धेचे दिवस तेच. पप्पा मना करत नाहीत, पण थिनिंगच्या (घडातले जादा मणी काढायच्या) दिवसात मी पिशवी उचलून निघाले की आईचा चेहरा बघवत नाही. मुलींना पहाटेची प्रॅक्टिस लावली तर अंधारात निफाडहून नाशिकला कोण सोडणार? भाऊ. म्हणजे माझ्या एका प्रॅक्टिसला घरची दोन माणसं लागतात. कोच म्हणतात कमिटमेंट. कमिटमेंट भावाची पण मोजा की.

आणि दुखापत झाली तर? आमच्यातल्या एकीचा गुडघा गेला, लिगामेंट. ऑपरेशनचं मंडळाने विचारलं पण नाही, मुलींनी वर्गणी काढली ती पण एमआरआयपुरती झाली.

---

गॉलवेहून_गंगापूर_रोड:

बरोबर, मुलींचं राहिलंच, चूक माझी. दुखापतीबाबत तिथे एक बरं आहे, टीमची नोंदणी करताना पैसे भरून एक इंज्युरी फंड चालतो, तो विमा नाही हे ते स्वतःच सांगतात, सगळं भरून देत नाहीत, पण वर्गणीची टोपी फिरवायला लागत नाही. आपल्याकडे दहा मंडळांनी मिळून केलं तरी होईल असं मला वाटतं.

---

शिट्टी_आणि_मी:

मी कोच आहे. रेडरचा नाही, दुसरीकडचा, पंचवटीत. तुम्ही सगळे बोललात, आता आमचंही ऐका.

मला पण शून्य मिळतात. सकाळी सहाला मी पण उठतो, मॅट अंथरायला मी, गोळा करायला मी, कारण पोरं "सर गाडी लावून येतो" म्हणून जातात आणि मॅट अंथरून झाली की येतात. पाच दिवस का बोलावतो माहितीये? पाच बोलावले की तीन येतात. तीन बोलावले तर एक. हिशोब एवढाच आहे, त्यात प्रो कबड्डी वगैरे काही नाही.

तारखांचं पटलं मला. पण तारखा माझ्या हातात कुठे? निवड चाचणीचा मेसेज चार दिवस आधी येतो. गावच्या स्पर्धा तर फ्लेक्स लागला की कळतात, त्यावर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि तारीख खाली कोपऱ्यात, ती पण पुढाऱ्याला वेळ नसला की बदलते. त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, पोरं द्वारका चौकात अडकून आठला येतात. मी कशाच्या जोरावर वेळापत्रक देऊ?

ताटाचे फोटो मी मागत नाही. ते मला पण जरा जास्तच वाटलं. खरं सांगायचं तर एकदा मागितले होते, चार दिवस सगळ्यांनी एकाच ताटाचा फोटो फिरवला. मग सोडलं.

---

माजी_कव्हर_मेरी:

शिट्टीवाले, चाचणीची तारीख तुमच्या हातात नाही मान्य, पण सुट्टी तर तुमच्या हातात आहे? १५ जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला कबड्डी दिन करतो आपण, हार घालतो, भाषणं होतात. त्या दिवशी पुढच्या वर्षाचे कुठले आठवडे मंडळ पूर्ण बंद एवढं जाहीर करायचं. त्याला कुणाची परवानगी लागते? पोरं त्या आठवड्यात लग्नं लावतील, बाग छाटतील, पुरणपोळ्या खातील. बाकी वर्षभर मग बोलवा पाच दिवस, मी स्वतः काठी घेऊन आणतो त्यांना.

---

रविवारचा_गोलंदाज:

ती हर्लिंगची काठी नाशिकमध्ये कुठे मिळेल? सिरियसली विचारतोय.

---

सातपूरचा_रेडर:

सगळ्यांना थँक्स, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काकांचा मेसेज स्क्रीनशॉट काढून आमच्या कोचना दाखवला, रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर, सगळे घामाघूम बसलेले तेव्हा. मला वाटलं चिडतील. त्यांनी वाचला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, तुमच्यात लग्नं कुणाकुणाची आहेत यंदा? तीन हात वर आले. एक तर आमचा राइट कॉर्नर, आम्हाला पण तेव्हाच कळलं. मग जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने बारा महिने लिहिले, मे मधले दोन आठवडे आणि दिवाळीचा आठवडा खोडून टाकला आणि तो फ्लेक्स स्टोअररूमच्या दाराला लटकवला. उरलेल्या महिन्यांत बरंच प्रश्नचिन्ह आहे, पण ते निदान फ्लेक्सवर आहे, माझ्या ताटावर नाही.

वजनाचे फोटो चालूच. आणि हो, त्यांनी हा धागा वाचलाय. आता सगळ्यांनी मंडळाच्या काट्यावर येऊन वजन करायचं आहे, पावणेसहाच्याही आधी. पोरं माझ्याशी बोलत नाहीयेत.

मावसभावाला हे सगळं सांगायला फोन केला. त्याची या शनिवारची मॅच रद्द झाली, मैदानात पाणी साचलंय. म्हटलं मग कधी आहे आता? म्हणाला, ग्रुपवर येईल.